कापड आधी भिजवा, मग कात्री लावा
एप्रन-नानकटाई संच नेणाऱ्या ग्राहकांसाठी

आमच्याकडून एप्रन-नानकटाईचा संच (मुलांनी एप्रन शिवायचं कापड आणि नानकटाईचं मोजलेलं सामान) घरी गेला की तो त्याच संध्याकाळी उघडतो, हे आम्हाला ठाऊक आहे. मुलांना दम निघत नाही आणि आईबाबांनाही तेवढीच एक संध्याकाळ मोकळी मिळालेली असते. रात्रीत एप्रन शिवून होतो, दुसऱ्या दिवशी तो घालून नानकटाई होते. मग पीठ-तुपाने माखलेला एप्रन धुवायला पडतो आणि दोरीवरून उतरतो तो आखूड होऊनच. त्यानंतर काउंटरवर प्रश्न येतो, "दादा, कापड हलकं निघालं का?"

उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि दिवाळीच्या आधी हा प्रश्न रोज येतो. कापड चांगलंच असतं, फक्त पाण्यात जाण्याआधी त्याला कात्री लागलेली असते.

गेल्या मे महिन्यात एक आजी सात वर्षांच्या नातीला घेऊन दुकानात आल्या. पिशवीतून त्यांनी बाग प्रिंटचा, म्हणजे बाग गावच्या छपाईच्या कापडाचा, लाल एप्रन काढून काउंटरवर पसरला. शिलाई इतकी सरळ होती की मी दोनदा पाहिली. काठाचा हेम त्या मुलीने स्वतः हाताने घातला होता. टेप लावला तर ६० सेंटीमीटरचा एप्रन ५७ भरला. खिसा घरातल्या जुन्या पॉपलिनच्या तुकड्याचा होता. तो आधीच शंभरदा धुतलेला, त्यामुळे तसूभरही आटला नव्हता. मागचं कापड आटलं आणि खिसा फुगून त्याच्याभोवती चुण्या पडल्या. मुलगी हळूच म्हणाली, "आजी, मी उंच झाले का?" चार दिवसांच्या मेहनतीवर असं पाणी पडलेलं पाहवत नाही. आम्ही खिसा उसवून पुन्हा बसवून दिला, पण लांबी काही परत देता आली नाही.

कापड आटतं ते कशामुळे? मागावर सूत ताणून धरलेलं असतं, पुढे रंगाई-छपाईतही कापड ओढलं जातं आणि वर कांजीने ते तसंच ताठ राहतं. पाणी लागलं की कांजी सुटते, ताण जातो आणि सूत आपल्या मूळ जागी येऊन बसतं. साध्या सुती कापडात मीटरमागे ३ ते ५ सेंटीमीटरची घट धरून चालावं. ताण जास्त उभ्या धाग्यांवर असतो, म्हणून लांबी अधिक आटते आणि रुंदी कमी. कापड आडवं धरून एप्रन कापला तर हीच घट घेरात येते आणि मागची नाडी पुरत नाही.

म्हणून कापड घरी नेल्यावर पहिलं काम बादलीचं. कापलेल्या कडांना मोठ्या टाक्यांचा धावदोरा घाला, नाहीतर धुताना दशा सुटून त्यांचा गुंता होतो. मग साध्या पाण्यात तासभर बुडवून ठेवा. बाग प्रिंट असेल तर बादली वेगळी घ्या, त्यात दुसरं काही टाकू नका. धार जिल्ह्यातल्या बाग गावच्या या छपाईत लाल रंग तुरटी आणि आलिझरीन या रंगद्रव्याचा असतो, काळा लोखंडापासून केलेला. पहिल्या एक-दोन धुण्यांत वरचा जादा रंग निघतो आणि पाणी लालसर होतं, त्याने घाबरू नका. बादलीत मूठभर मीठ टाकायची पद्धत बऱ्याच घरांत आहे, पण मिठाने सुटणारा रंग पक्का होत नाही. पाणी नितळ येईपर्यंत खळबळणं हाच खरा उपाय. पिळा घालू नका. सावलीत वाळवा आणि थोडं दमट असतानाच इस्त्री करा. इस्त्री उभ्या धाग्याच्या दिशेने फिरवा, तिरकी ओढली तर कापड उरेबात ताणतं आणि पुन्हा माप चुकतं. आपल्या इंदूरच्या मेमधल्या उन्हात कापड तासाभरात वाळतं, श्रावणात दीड दिवस लागतो. रविवारी शिवायचं असेल तर पावसाळ्यात गुरुवारीच भिजवा.

पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग तुम्हीच धुऊन का देत नाही?"

रास्त प्रश्न आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही तसं करून पाहिलं. धुतलेल्या कापडाची कांजी गेली की ते मऊ आणि सुरकुतलेलं दिसतं. ग्राहक ते हातात घेऊन परत ठेवायचे, वापरलेलं वाटतं म्हणायचे. त्याहून मोठं कारण हे की कापड पुढे जसं धुतलं जाणार, तसंच पहिल्यांदा धुतलेलं चांगलं. तुमच्याकडे मशीनमध्ये गरम पाण्याने धुणं होत असेल तर आम्ही गार पाण्यात खळबळून दिल्याचा उपयोग अर्धाच. घाईच्या लोकांसाठी पॉपलिन आणि मॅटी (भरतकामाचं भोकाभोकांच्या विणीचं कापड) धुऊन-इस्त्री करून ठेवलेली असते, मीटरमागे १५ रुपये जास्त पडतात. बाग प्रिंट मात्र आम्ही कोरंच देतो.

संचात ९० सेंटीमीटर कापड असतं, तेही काही जणांना जास्त वाटतं. क्लॉथ मार्केटमधून आणलेल्या थानाचा हिशेब असा: ९० सेंटीमीटर धुतल्यावर ८५-८६ उरतं. त्यातले ६० एप्रनला, वरखालच्या दुमडीला ५-६, आणि उरलेल्यातून खिसा, नाडी आणि एखाद्या चुकलेल्या तुकड्याची भरपाई. पहिल्यांदा कात्री धरणाऱ्या मुलाचा एक तुकडा चुकणारच, त्याला दुसरा मिळायला हवा. कापड आधीच कापून न देण्याचं कारणही हेच. कागदी पॅटर्न मात्र ४ ते ६, ७ ते ९ आणि १० ते १२ वर्षं अशा तीन मापांत देतो. तो धुतलेल्या कापडावर ठेवा, खडूने आखा, चहूबाजूंनी शिलाईसाठी दीड सेंटीमीटर माया (जादा कापड) सोडा. लहान मुलांच्या एप्रनला गळ्यात बांधायची नाडी लावू नका, मागे वेलक्रो लावा. कुठे अडकलं तर तो ओढताच सुटतो. संचात त्याची पट्टी दिलेली आहे.

गरम भांडं धरायची गादी शिवतानाही हीच चूक होते, फक्त वेगळी दिसते. वर नवं कापड आणि आत जुना टॉवेल घालतात. पहिल्या धुण्यात वरचं आटतं, टॉवेल तसाच राहतो आणि गादी वाटीसारखी वाकते. इथे दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. वर, आत, सगळीकडे कापड सुतीच हवं. टेरीकॉटमध्ये पॉलिएस्टर असतं आणि ते फार तापलेल्या पत्र्याला लागलं तर वितळून हाताला चिकटतं. टॉवेलचे किमान दोन थर घाला. ओली गादी कधीही वापरू नका, ओल्या कापडातून चटका झटकन पोहोचतो. ओव्हनमधून किंवा कढईतून ट्रे मोठ्यांनीच काढायचा, मुलाने गादी कितीही छान शिवलेली असली तरी.

आता नानकटाई. संचात १५० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम बेसन, २५ ग्रॅम रवा, १०० ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर सोडा आणि वेलचीची पूड मोजून दिलेली आहे. १२० ग्रॅम साजूक तूप तुमचं. "पसरून सगळ्यांची एकच पोळी झाली" अशी तक्रार आली की आम्ही एवढंच विचारतो, तूप थिजलेलं होतं की पातळ? तूप ३० अंशांच्या पुढे विरघळू लागतं आणि आपल्याकडे मेमध्ये पारा ४० पार करतो, त्यामुळे ओट्यावरच्या बरणीत ते पातळच असतं. ते आधी फ्रिजमध्ये थिजवा, साखरेबरोबर पांढरं आणि हलकं होईपर्यंत फेसा, मग पीठ मिसळा. गोळे झाले की ताटलीसकट २० मिनिटं पुन्हा फ्रिजमध्ये. पीठ कोरडं वाटलं म्हणून दूध घालू नका, तळहाताने थोडं मळलं की गोळा जमतो.

लिंबाहून लहान असे साधारण २० गोळे होतात. ओव्हन १६० अंशांवर आधी तापवून घ्या आणि १८ ते २० मिनिटं भाजा. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या जुन्या कढईत मिठाचा थर द्या, त्यावर रिंग ठेवा, झाकण घालून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापू द्या, मग ताटली ठेवून मंद आचेवर २५ मिनिटं. नानकटाई वरून फारशी लाल होत नाही, खालची बाजू बदामी दिसली की झाली. बाहेर काढताना ती मऊच असते आणि गार झाल्यावर खुसखुशीत होते. कच्ची राहिली समजून पुन्हा आत ठेवाल तर दगड होईल. तेवढी दहा-पंधरा मिनिटं मुलांना थोपवणं हेच सगळ्यात कठीण काम आहे!

कोणत्या वयाला काय जमतं, असंही विचारतात. पाच-सहा वर्षांच्या मुलाला मॅटीचा तुकडा, बोथट जाड सुई आणि दोन पदरी लोकर द्या. मॅटीची भोकं दिसतात, त्यामुळे धावदोरा सरळ येतो. नानकटाईवर अंगठ्याने खळगा पाडून पिस्त्याचा काप बसवायचं कामही त्याचंच. सात-आठ वर्षांपुढे हेम आणि चार भोकांचं बटण जमतं. मशीनवर दहाच्या आत बसवू नये असं आमचं मत आहे, आणि बसवलं तरी पायडलच्या मशीनवर, मोटर काढून. वेग मुलाच्या पायात राहतो.

दर शनिवारी दुपारी ४ ते ६ दुकानाच्या माळ्यावर मुलांना शिवायला बसवतो. संच नेणाऱ्यांकडून वेगळे पैसे घेत नाही. सुई-दोरा, खडू, कात्री इथे आहे. एका वेळी आठच मुलं बसतात, म्हणून आदल्या दिवशी दुकानात सांगून ठेवा. आणि येताना कापड धुऊन, इस्त्री करून आणा. कोरं कापड आणलं तर त्या शनिवारी फक्त नाडी शिवून होईल, एप्रन पुढच्या शनिवारी.