'हाउस ऑफ कार्ड्स' दोन आहेत, आणि आधी बघायची ती ब्रिटिश

कुणी चांगली ब्रिटिश मालिका सुचवायला सांगितली की मी पहिलं नाव 'हाउस ऑफ कार्ड्स'चं घेते. त्यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, "ती बघितलीये की, केविन स्पेसीची." ती नव्हे, बीबीसीची, असं म्हटलं की पुढचं वाक्य तयारच असतं: "हां हां, त्याचं जुनं व्हर्जन. तेच ना, फक्त छोटं?" हे "तेच ना" मला मनापासून खटकतं. दोन्हींचं मूळ मायकेल डॉब्स यांची १९८९ची कादंबरी आहे, दोन्हींत पक्षाचा व्हिप, म्हणजे प्रतोद, कॅमेऱ्याकडे वळून आपल्याशी बोलतो, दोन्हींत एक तरुण पत्रकार मुलगी आहे. साम्य इथवरच. बाकी त्या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या का आहेत, हे कळण्यात खरी मजा आहे.

अमेरिकन मालिका तुम्हाला पाठ आहे, म्हणून ती भराभर. नेटफ्लिक्सवर १ फेब्रुवारी २०१३ला आली, सहा सीझन, ७३ भाग. दक्षिण कॅरोलिनाचा फ्रँक अंडरवुड (स्पेसी), परराष्ट्रमंत्रिपदाचा शब्द मिळालेला, ऐन वेळी डावललेला, मग सूड. शेवटच्या सीझनमध्ये स्पेसी नाही. झालं.

ब्रिटिश मालिका बीबीसीवर नोव्हेंबर-डिसेंबर १९९०मध्ये लागली. भाग फक्त चार. पटकथा अँड्र्यू डेव्हिस यांची. नायक, म्हणजे खलनायक, फ्रान्सिस अर्कर्ट: काँझर्व्हेटिव्ह पक्षाचा चीफ व्हिप (मुख्य प्रतोद), खानदानी, आदबशीर. भूमिका इयन रिचर्डसन यांची, आणि त्यासाठी त्यांना बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला. निवडणूक जिंकल्यावर नवे पंतप्रधान हेन्री कॉलिंग्रिज त्याला बढती देत नाहीत, आहे तिथेच ठेवतात. तिथून सुरुवात.

आता मुद्दा. अर्कर्ट चार भागांत पंतप्रधान होतो. अंडरवुडला राष्ट्राध्यक्ष व्हायला दोन सीझन, म्हणजे २६ भाग लागतात. लोक यावरून काढतात तो निष्कर्ष असा की ब्रिटिश मालिका घाईत उरकलेली आहे आणि अमेरिकन सविस्तर आहे. हे साफ चूक आहे. फरक लेखकाच्या वेगाचा नाही, राज्यघटनेचा आहे.

ब्रिटनमध्ये पंतप्रधानाला जनता थेट निवडत नाही. हाउस ऑफ कॉमन्समध्ये, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात, ज्या पक्षाचं बहुमत, त्याचा नेता पंतप्रधान. आणि १९९०मध्ये काँझर्व्हेटिव्ह पक्षाचा नेता कोण निवडायचं? फक्त पक्षाचे खासदार. तेव्हा ते ३७२ होते. म्हणजे तीन-चारशे माणसांचं मन फिरवलं की देशाचा पंतप्रधान बदलतो, मतदाराला विचारण्याची गरजच नाही. हे कल्पनेतलं नाही. मालिकेचा पहिला भाग रविवारी, १८ नोव्हेंबरला लागला. मंगळवारी, २० तारखेला मार्गारेट थॅचर यांच्या नेतेपदासाठी पक्षात प्रत्यक्ष मतदान झालं. त्यांना २०४ मतं पडली, मायकेल हेझेल्टाइन यांना १५२. थॅचर पुढे होत्या, पण पहिल्याच फेरीत जिंकायला नियमाप्रमाणे लागणारी आघाडी चार मतांनी हुकली. गुरुवारी, २२ तारखेला त्यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. दुसरा भाग लागला तेव्हा पक्षात नव्या नेत्याची निवड सुरूच होती, आणि तिसऱ्या भागाच्या आत जॉन मेजर १० डाउनिंग स्ट्रीटवर, म्हणजे पंतप्रधानांच्या निवासस्थानी, राहायला आलेसुद्धा. तीन निवडणुका जिंकलेली बाई साडेअकरा वर्षांनंतर आठवडाभरात घरी गेली, तीही आपल्याच खासदारांमुळे. ज्यांना चार भाग म्हणजे घाई वाटते, त्यांनी या तारखा एकदा पुन्हा वाचाव्यात.

अमेरिकेत हे शक्यच नाही. राष्ट्राध्यक्षाची मुदत चार वर्षं ठरलेली. महाभियोग लावायला खालच्या सभागृहात बहुमत हवं आणि दोषी ठरवायला सिनेटमध्ये दोन-तृतीयांश. त्या वाटेनं आजवर एकही राष्ट्राध्यक्ष पदावरून गेलेला नाही. पक्षाच्या व्हिपनं कितीही आदळआपट केली तरी व्हाइट हाउसची खुर्ची हलत नाही. म्हणून अंडरवुडला लांबचा वळसा घ्यावा लागतो: आधी उपराष्ट्राध्यक्षाला पेन्सिल्व्हेनियाच्या गव्हर्नरपदाकडे पिटाळायचं, रिकाम्या जागी स्वतःची नेमणूक करवून घ्यायची, मग राष्ट्राध्यक्षाला राजीनाम्यापर्यंत आणायचं. हा रस्ता १९६७च्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीनं खुला केलेला आहे, आणि जेराल्ड फोर्ड त्याच रस्त्यानं १९७३मध्ये उपराष्ट्राध्यक्ष आणि १९७४मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. त्यामुळे अमेरिकन मालिका लांबली यात तिचा दोष नाही. पण तो लांबलचक रस्ता म्हणजे सखोलपणा, असं कुणी म्हणू नये.

आपल्याकडचे प्रेक्षक आणखी एका ठिकाणी अडखळतात. प्रतोद म्हणजे काय, हे महाराष्ट्रात आता वेगळं सांगावं लागत नाही. २०२२च्या शिवसेनेतल्या फुटीनंतर प्रतोद कुणाचा खरा, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ११ मे २०२३च्या निकालात न्यायालयानं सांगितलं की प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नव्हे. आपल्या डोक्यात प्रतोद म्हणजे पक्षादेशाचा कागद, आणि तो मोडला तर राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाखाली अपात्रता. तीच समजूत घेऊन आपण अर्कर्टकडे बघतो आणि गोंधळतो: याच्या हातात एवढी ताकद आहे तर सरळ पक्षादेश काढून मोकळा का होत नाही? किंवा उलट: हा तर नुसता हजेरी घेणारा, याला सगळे एवढे घाबरतात का?

ब्रिटनमध्ये पक्षांतरबंदी कायदा नाही. पक्षादेश मोडणाऱ्याला पक्ष फार तर आपल्या गटातून बाहेर काढतो, खासदारकी जात नाही. सप्टेंबर २०१९मध्ये ब्रेक्झिटच्या मतदानात सरकारविरुद्ध गेलेल्या २१ काँझर्व्हेटिव्ह खासदारांना असंच काढलं, त्यांत माजी अर्थमंत्री केनेथ क्लार्क होते आणि चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्सही होते. पण सगळे आपापल्या जागेवर खासदार म्हणून बसून राहिले. म्हणजे तिथल्या व्हिपच्या मागे कायदा उभा नाही. मग तो माणसं वळवतो कशाच्या जोरावर? एक, कुणाला मंत्री करायचं याबद्दल पंतप्रधान त्याचं मत घेतात. दुसरं, आणि मोठं, म्हणजे माहिती. कोण कर्जात आहे, कोण पितो, कोण कुणाबरोबर राहतो. एडवर्ड हीथ यांच्या सरकारात व्हिप राहिलेले टिम फोर्टेस्क्यू यांनी १९९५मध्ये बीबीसीच्या एका माहितीपटात हे कॅमेऱ्यासमोर सांगितलं: खासदार कर्जात किंवा लफड्यात सापडून आमच्याकडे आला की आम्ही त्याला सोडवायचो, कारण पुढे तो कायम आमचं ऐकायचा. हे कळल्यावर मालिका पुन्हा बघा. अर्कर्ट सभागृहात काहीच करत नाही. तो आपल्या खोलीत बसतो आणि एकेक खासदार त्याच्याकडे गुपित घेऊन येतो. पंतप्रधानांच्या दारुड्या भावाच्या नावानं शेअर्सच्या व्यवहाराचं बालंट रचणं, नेतेपदाच्या स्पर्धेतल्या एकेका उमेदवाराची नेमकी दुखरी नस दाबणं, हे सगळं त्याच्या रोजच्याच कामाचं पुढचं पाऊल आहे.

आणि यातूनच कॅमेऱ्याशी बोलण्याचाही उलगडा होतो, जो मला या मालिकेतला सगळ्यात देखणा भाग वाटतो. परंपरेनं ब्रिटिश चीफ व्हिप सभागृहात भाषण करत नाही. मुलाखती नाहीत, मतं नाहीत. देशातला एवढा ताकदवान माणूस आणि त्याचा आवाज कुणाला माहीत नाही. असा माणूस मान वळवून फक्त तुमच्याशी बोलतो तेव्हा अंगावर काटा येतो, कारण तो जे बोलतो ते त्याचं एकमेव बोलणं आहे. बाहेर तो पत्रकार मॅटी स्टोरिनला एवढंच म्हणतो की तुम्हाला तसं वाटत असेल, मी त्यावर काही बोलू शकत नाही. त्या एका नकारात तो होकार देतो आणि हात कोरडे ठेवतो. अंडरवुडचं तसं नाही. तो टीव्हीवर बोलतो, सभागृहात बोलतो, चर्चमध्ये बोलतो आणि वर आपल्याशीही बोलतो. ती स्वगतं चुरचुरीत आहेत, पण ती नसती तरी तो माणूस आपल्याला कळला असता. अर्कर्ट कळला नसता.

या स्वगताचं मूळ शेक्सपिअरच्या 'रिचर्ड तिसरा' या नाटकात आहे. रिचर्डसन रॉयल शेक्सपिअर कंपनीत मुरलेले नट, त्यामुळे प्रेक्षकाला विश्वासात घेऊन गुन्ह्यात भागीदार करून घेणं त्यांना सहज जमतं. स्पेसीनंही २०११मध्ये लंडनच्या ओल्ड विक नाट्यगृहात रिचर्ड केला होता, त्यामुळे नक्कल वगैरे म्हणणं अन्यायाचं होईल. तरीही निवड करायची तर माझं मत ठाम आहे. स्पेसी तुम्हाला आपला दरारा दाखवतो. रिचर्डसन तुमच्याशी इतक्या सौजन्यानं वागतात की अर्कर्ट यशस्वी व्हावा असं तुम्हाला वाटायला लागतं, आणि मग तसं वाटल्याची लाज वाटते.

दोन्ही नायकांच्या पत्नींची तुलना लोक फार करतात. एलिझाबेथ अर्कर्टला पडद्यावर वेळ कमी आहे, क्लेअर अंडरवुडला स्वतंत्र कथानक आहे आणि रॉबिन राइटनं ते उत्तम पेललंय. इथे अमेरिकन मालिका सरस, वाद नाही. जुना कॅमेरा, धुरकट रंग, मोठाले टेलिफोन याबद्दल तक्रार असेल तर ती दहा मिनिटांत विसराल.

शोधताना एक काळजी घ्या. ब्रिटिश मालिकेचा 'सीझन २' शोधू नका, मिळणार नाही, मिळेल तो अमेरिकन. पुढच्या दोन्ही मालिकांना स्वतंत्र नावं आहेत: 'टू प्ले द किंग' (१९९३) आणि 'द फायनल कट' (१९९५). प्रत्येकी चार भाग, म्हणजे तिन्ही मिळून बाराच. दुसऱ्या मालिकेत अर्कर्टसमोर मायकेल किचन यांनी साकारलेला नवा राजा उभा राहतो, आणि ज्याला राजकारणात बोलायची मुभा नाही अशा राजाला सद्सद्विवेकबुद्धी असेल तर काय होतं, हा प्रश्न अमेरिकन रिमेकला विचारताच आला नसता. तिसरी सगळ्यात कच्ची आहे, पण तिची सुरुवात थॅचर यांच्या अंत्यसंस्कारानं होते आणि त्या वेळी थॅचर हयात होत्या, एवढी हिंमत बघण्यासाठी तरी ती बघावी. डॉब्स यांच्या मूळ कादंबरीचा शेवट वेगळा आहे, तेव्हा पुस्तक वाचलं असेल तरी चौथा भाग सोडू नका. आणि कृपा करून दीडपट वेगानं बघू नका. रिचर्डसन यांचे थांबे म्हणजेच अर्धा अभिनय आहे.

बारा भाग संपल्यावर अमेरिकन मालिका जरूर बघा, पहिले दोन सीझन. पण त्याआधी चॅनल फोरची 'अ व्हेरी ब्रिटिश कूप' (१९८८) बघा, तीनच भागांची. तिथे उलटं आहे: शेफिल्डचा एक पोलाद कामगार लोकांच्या मतांवर पंतप्रधान होतो आणि गुप्तहेर खातं, वृत्तपत्रांचे मालक, नोकरशहा मिळून त्याला हटवायला निघतात. रे मॅकॅनली यांनी तो पंतप्रधान असा उभा केलाय की अर्कर्टबरोबर बारा भाग काढल्यावर पुन्हा एखाद्या राजकारण्यावर विश्वास टाकावासा वाटतो.