फॉसिलच्या दातांवरून जेवण ओळखायची आयडिया आली कुठून

घणसोली गावातला मूळचा माणूस आणि नोकरीसाठी सोलापूरहून येऊन शेजारच्या सेक्टरमध्ये राहिलेला माणूस, आज दोघंही स्टेशनबाहेर एकाच गाडीवर वडापाव खातात, पण दोघांच्या दाढेचा चिमूटभर चुरा मशीनमध्ये टाकला तर लहानपणी कोण भातावर वाढला आणि कोण ज्वारीच्या भाकरीवर हे बऱ्यापैकी कळतं. हाड आयुष्यभर झिजत आणि नव्याने भरत राहतं, दाताच्या एनॅमलचं, म्हणजे वरच्या कडक थराचं, तसं नाही, ते लहानपणी एकदा तयार झालं की झालं. पहिली कायमची दाढ जन्मानंतरच्या पहिल्या तीनेक वर्षांत हिरडीच्या आतच घडत असते, अक्कलदाढ शाळेच्या वयात. त्या त्या वेळी पोटात काय जात होतं ते तिथेच राहतं, आणि लाखो वर्षं जुन्या दातांवरही हेच चालतं.

कार्बनचे जवळपास 98.9 टक्के अणू 12 वजनाचे असतात आणि साधारण 1.1 टक्के 13 वजनाचे. दोन्ही स्थिर, म्हणजे कार्बन-14 सारखे काळाबरोबर संपत जात नाहीत. भात, गहू, डाळी आणि जवळजवळ सगळी झाडं हवेतून कार्बन घेताना जड अणू बराच टाळतात, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, ऊस आणि उष्ण प्रदेशातली बहुतेक गवतं तेवढा टाळत नाहीत. पहिल्या गटाला सी-थ्री म्हणतात, दुसऱ्याला सी-फोर. एका ठरलेल्या नमुन्यापेक्षा जड कार्बन हजारात किती कमी या मापाने सी-थ्री सरासरी उणे 27 च्या आसपास, सी-फोर उणे 12-13. मोठ्या शाकाहारी प्राण्यांच्या एनॅमलमध्ये हा आकडा खाण्यापेक्षा साधारण 14 ने वर सरकतो. समुद्राच्या मासळीचा कार्बन मात्र ज्वारीच्या बाजूला झुकतो, त्यामुळे भात आणि भरपूर म्हावरं खाणाऱ्या आगरी-कोळी घरात एकटा कार्बन गंडवू शकतो, तिथे नायट्रोजन लागतो, त्यावर पुढे येतो. शिवाय कोळसा आणि पेट्रोल जाळून आपण हवेतलाच आकडा जवळपास 2 ने खाली आणलाय, म्हणून आजचा दात आणि जुना दात थेट शेजारी ठेवून चालत नाही.

मला यात सगळ्यात भारी वाटतं ते हे की ही पद्धत फॉसिलवाल्यांची नाहीच, दुसऱ्यांनी भलत्याच कामासाठी शोधलेल्या गोष्टी त्यांनी उचलल्या. सुरुवात अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ हॅरॉल्ड युरीपासून. 1931 मध्ये त्याने जड हायड्रोजन शोधला, ज्याच्यापासून हेवी वॉटर होतं, आणि वाशी खाडीपलीकडे ट्रॉम्बेला 1960 साली सुरू झालेली सायरस अणुभट्टी त्याच हेवी वॉटरवर चालायची. 1934 मध्ये युरीला नोबेल मिळालं. मग 1947 च्या पेपरमध्ये त्याने हिशोब मांडला की शिंपल्यात जड ऑक्सिजन किती बसेल हे पाण्याच्या तापमानावर ठरतं, म्हणजे जुना शिंपला हा थर्मामीटर झाला. मोजायला चांगलं मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे अणू वजनावरून वेगळे काढून मोजणारं मशीन, हवं होतं, ते आल्फ्रेड नीरने बनवलं होतं, आणि चुनखडी आणि झाडं यांच्यातला कार्बन वेगळा येतो हे नीरला 1939 मध्येच दिसलं होतं. युरीच्या ग्रुपने तुलनेसाठी दक्षिण कॅरोलायनातल्या पी डी खडकातला एक बेलेम्नाइट घेतला, म्हाकूळाच्या जातकुळीतला नामशेष प्राणी. तो नमुना वापरून वापरून कधीच संपला, तरी आजही कार्बनचे आकडे त्याच मापात देतात.

पुढचा तुकडा उसातून आला. 1960 च्या दशकात आधी हवाईत आणि मग ब्रिस्बेनमध्ये, हॅच आणि स्लॅक यांनी एका साखर कंपनीच्या लॅबमध्ये, ऊस कार्बन वेगळ्याच वाटेने पकडतो हे दाखवलं. त्याच सुमारास कार्बन डेटिंगवाले मक्याने वैतागले होते, कारण मक्याचे दाणे त्याच थरातल्या लाकडापेक्षा 200-250 वर्षं अलीकडचे निघायचे. मका सी-फोर, जड कार्बन जास्त, म्हणून तारीख चुकते. बहुतेकांनी दुरुस्तीचा आकडा लावला आणि विषय सोडला. फोगेल आणि व्हॅन डर मर्व या दोघांनी मात्र उलटा विचार केला, की मक्यात जर हा फरक आहे तर मका खाणाऱ्याच्या हाडातही असणार, आणि 1977 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या जुन्या सांगाड्यांवरून तिथे मका कधी खाण्यात आला ते दाखवलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली खरी उडी हीच. 1978 मध्ये डिनिरो आणि एपस्टाइन यांनी ठरलेलं खाणं देऊन वाढवलेल्या प्राण्यांवर ते तपासलं. ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंचा गुलाबी रंग खाण्यातून येतो तसंच हे, फक्त डोळ्यांना न दिसणारं.

पण फार जुन्या हाडात कोलॅजन, म्हणजे हाडातलं प्रथिन, उरत नाही, आणि हाडातला खनिज भाग जमिनीतल्या पाण्याने बदलतो, यावर 80 च्या दशकात बरीच भांडणं झाली. ज्युलिया ली-थॉर्प आणि व्हॅन डर मर्व यांनी 1987 च्या सुमारास एनॅमल घेतलं, ते जवळपास 96 टक्के खनिज आणि एकदम घट्ट. टेस्ट साधी होती: पाला खाणारे आणि गवत खाणारे म्हणून आधीच माहीत असलेले फॉसिल प्राणी घ्या, त्यांच्यातला फरक टिकलाय का बघा. टिकला होता. मग माणसाच्या नातेवाईकांची पाळी आली. 1959 मध्ये मेरी लीकीला टांझानियातल्या ओल्डुवाईत सापडलेला, जबरदस्त दाढांचा पॅरान्थ्रोपस बोइसेई कवचाची फळं फोडून खात असणार असं वर्षानुवर्षं लिहिलं गेलं, त्याचं टोपणनावच नटक्रॅकर मॅन. 2011 मध्ये थ्युर सर्लिंगच्या टीमने दात तपासले तर खाण्यातलं साधारण 77 टक्के सी-फोर, म्हणजे गवतं किंवा लव्हाळे.

कोण कोणाला खातं याच्या प्रत्येक पायरीला जड नायट्रोजनचा आकडा हजारात 3-4 ने चढतो, त्यामुळे मांस-मासळी पकडता येते, पण एनॅमलमध्ये नायट्रोजनच इतका कमी की मोजायचीच सोय नव्हती. जर्मनीत माइन्झच्या माक्स प्लांक इन्स्टिट्यूटने ते जमवलं, आणि 2025 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या ऑस्ट्रॅलोपिथेकस या माणसाच्या जुन्या नातेवाईकांच्या दातांवरून सांगितलं की ते मांस फारसं खात नव्हते.

आपल्या बाजूचं मोठं नाव म्हणजे शिवालिक, हिमालयाच्या पायथ्याचे फॉसिलवाले खडक. पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर क्वेड, सर्लिंग आणि बाउमन यांनी 1989 मध्ये जुन्या मातीतल्या चुनखडीच्या खड्यांवरून दाखवलं की 70-75 लाख वर्षांपूर्वी जंगलं हटून सी-फोर गवत पसरलं. नंतर तिथल्या प्राण्यांच्या दातांतही तेच निघालं. शिवापिथेकस हा वानर तोपर्यंत तिथून गायब झाला होता, त्याचे शेवटचे अवशेष साधारण 85 लाख वर्षांपूर्वीचे. गवत पसरण्याचं कारण काय? आधी म्हणाले मान्सून जोरदार झाला, 1997 मध्ये सर्लिंगनेच हवेतला कार्बन डायऑक्साइड कमी झाल्याकडे बोट दाखवलं, वणव्यांचीही बाजू मांडणारे आहेत, आणि वाद मिटलेला नाही. म्हणून आता घोड्यासारख्या उंच दाताला वरून खालपर्यंत ओळीने बारीक बारीक घासून प्रत्येक पट्टीतला ऑक्सिजन वेगळा मोजतात, कारण मुसळधार पावसात जड ऑक्सिजन कमी असतो आणि उन्हाळ्यात आटलेल्या डबक्यात जास्त, त्यामुळे त्या जनावराने वर्षभर प्यायलेल्या पाण्यातला पावसाळा आणि उन्हाळा वेगळा काढता येतो.