गावच्या रस्त्यावर कॅट आय हवेत? अर्ज कुठे आणि कसा द्यायचा

गळीत हंगाम सुरू झाला की कराड, वाळवा, पलूसकडचे रस्ते रात्रभर उसाच्या ट्रॉल्यांचे होतात. समोरच्या ट्रॅक्टरचा उजेड डोळ्यांवर आला की डांबर कुठे संपतं तेच कळत नाही. पावसात पांढरे पट्टेही पाण्याखाली दिसेनासे होतात. रोड स्टड, म्हणजे आपले कॅट आय, गाडीच्या उजेडात चमकणारे छोटे तुकडे, रस्त्याच्या वर उचललेले असतात, त्यामुळे ते तेव्हाही चमकतात.

पात्रतेची भानगड नाही. साध्या कागदावर कोणीही अर्ज देऊ शकतो. घोडं अडतं ते रस्ता कोणाचा यावर.

किलोमीटरचा दगड बघा. पिवळा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग. तिथली तक्रार १०३३ या हेल्पलाइनवर. हिरवा म्हणजे राज्य मार्ग. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात: अर्ज उपअभियंत्याला, प्रत कार्यकारी अभियंत्याला. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचे. नारंगी दगड असेल तर रस्ता प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला; काम झाल्यावर पहिली ५ वर्षं देखभाल ठेकेदाराकडेच असते, आणि त्याचं नाव फलकावर असतं.

अर्जात ‘रस्ता धोकादायक आहे’ एवढंच लिहून भागत नाही. रस्त्याचं नाव-क्रमांक, कुठून कुठपर्यंत, वळण, पूल की ओढ्याची मोरी, हे लिहा. सोबत रात्रीचे फोटो, हाताने काढलेला नकाशा, अपघातांच्या तारखा आणि असल्यास एफआयआरच्या प्रती जोडा. सगळ्यांत वजन ग्रामसभेच्या ठरावाला. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर यांपैकी जवळची सभा गाठा.

एक मात्र आधीच ठरवा. मधोमध कॅट आय लावायला रस्ता दोन पदरी हवा. पावणेचार मीटरच्या एकेरी रस्त्यावर प्रत्येक गाडी मधूनच जाते, तिथे ते चाकाखाली येऊन निखळतील. अशा ठिकाणी वळणावर परावर्तक खांब आणि दिशादर्शक फलक मागा. मोठ्या रस्त्यावर मधल्या रेषेला पांढरे, डाव्या कडेला लाल, दुभाजकालगत पिवळे अशी मागणी नेमकी लिहा.

अर्जावर आवक क्रमांकाची पोच घ्या. ५०० मीटरच्या टप्प्यात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले असतील किंवा १० जण दगावले असतील, तर ती जागा ‘ब्लॅक स्पॉट’च्या निकषात बसते. मग एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीलाही द्या. उत्तर आलं नाही तर १० रुपये भरून माहिती अधिकारात ‘माझ्या अर्जावर काय कार्यवाही झाली’ असं विचारा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

निधी नाही, हे उत्तर हमखास मिळेल. म्हणून रस्त्याच्या नूतनीकरणाचं अंदाजपत्रक बनत असतानाच अर्ज पोचवा. त्यात स्टडची बाब घालायला तेव्हा फार खटपट लागत नाही, आणि जुन्या, उखडलेल्या डांबरापेक्षा नव्यावर ते टिकतातही जास्त.