जुन्या जीप सीजेसाठी रीबिल्ट पॉवर स्टिअरिंग : मागवण्याआधी आणि बसवताना

जुन्या जीप सीजे गाड्यांसाठी आम्ही पॉवर स्टिअरिंगचे बॉक्स, म्हणजे स्टिअरिंगचं वळण चाकांकडे पोहोचवणारे गिअरबॉक्स, सुटे करून पुन्हा बांधून देतो. बॉक्स मागवायला फोन येतो तेव्हा आम्ही आधी विचारतो, बॉक्सच खराब आहे हे कशावरून ठरवलंत? काहींना हा प्रश्न आवडत नाही. पण स्टिअरिंग ढिलं वाटतं म्हणून जे बॉक्स बदलायला निघतात, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या गाडीचा दोष दुसरीकडेच असतो. नवा बॉक्स बसवूनही ढिलाई तशीच राहिली, की ग्राहकाला वाटतं आम्ही फसवलं.

तपासणी सोपी आहे, दोन माणसं पुरतात. गाडी सपाट जागी उभी करा, चाकं सरळ ठेवा, इंजिन चालू ठेवा, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला आणि मागच्या चाकांना ओंडके. एकानं स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवत राहायचं. दुसऱ्यानं बाजूनं वाकून बॉक्सकडे बघायचं. बॉक्समध्ये जाणारा वरचा शाफ्ट फिरतोय आणि खालचा पिटमन आर्म (बॉक्सची हालचाल पुढे नेणारा दांडा) जागच्या जागी, तर दोष बॉक्सचा किंवा त्याच्या अ‍ॅडजस्टमेंटचा. शाफ्टच उशिरा फिरतोय, तर वरचं रबरी कपलिंग किंवा शाफ्टचा जॉइंट गेलाय. आर्म लगेच हलतो पण चाकं उशिरा वळतात, तर ड्रॅग लिंक आणि टाय रॉड (आर्मपासून चाकांपर्यंतचे दांडे) यांचे बॉलजॉइंट बघा. आणि अख्खा बॉक्सच चॅसीवर डुलत असेल, तर ब्रॅकेट. सीजेचं हे जुनं दुखणं आहे, रुंद टायर घातलेल्या गाडीत तर हमखास. ब्रॅकेटला किंवा त्याच्या मागे चॅसीला बारीक तडा गेलेला असतो आणि तो मळाखाली दिसत नाही. तारेच्या ब्रशनं जागा घासा आणि टॉर्चच्या उजेडात बघा. तिथं तडा असेल तर आधी वेल्डिंगवाल्याकडे जा, आमच्याकडे नंतर.

ठराविक वेगाला पुढची चाकं थडथडत असतील तर आमचा बॉक्स काही करू शकणार नाही. त्याचं कारण जॉइंट, बेअरिंग, स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश किंवा टायरच्या बॅलन्समध्ये शोधा.

कोणता बॉक्स?

सीजेला सॅगिनॉ कंपनीचा रिसर्क्युलेटिंग बॉल बॉक्स (ज्यात दातांना हलवायला पोलादी गोळ्या फिरतात) १९७२पासून आला, जीप अमेरिकन मोटर्स बनवत होती त्या काळात. त्याआधीच्या गाड्यांमध्ये रॉस कंपनीच्या जुन्या पद्धतीचा बॉक्स होता. सीजे-५ १९८३पर्यंत आणि सीजे-७ १९७६ ते १९८६ या काळात निघाली. पण आम्ही गाडीच्या सालावर भरवसा ठेवत नाही. इतक्या वर्षांत कुणी कुठला बॉक्स बसवलाय सांगता येत नाही. त्यापेक्षा बॉक्सला जोडलेल्या होसचा (तेलाच्या नळीचा) नट खोलून भोकात बघा. आत शंकूसारखी बैठक दिसली तर फ्लेअर फिटिंग, म्हणजे इंची आटे. आत शंकू नसेल तर ओ-रिंगचं फिटिंग, १६ आणि १८ मिलिमीटरच्या मेट्रिक आट्यांचं. हा बदल १९८०च्या सुमारास झाला. एका जातीचा होस दुसऱ्या भोकात जबरदस्तीनं पिळला तर आटे जातात, आणि नाही गेले तरी गळती थांबत नाही. भोकाचा फोटो पाठवलात तरी आम्हाला कळतं.

आम्ही काय करतो

बॉक्स पूर्ण सुटा होतो. पहिली नजर पिटमन शाफ्टवर, म्हणजे ज्यावर पिटमन आर्म बसतो त्यावर. सील जिथं टेकतं तिथं नख फिरवायचं. नख अडकलं तर तो शाफ्ट बाद, कारण त्या चरीवर कितीही भारी सील घातलं तरी ते गळणारच. मग वर्म (स्टिअरिंगबरोबर फिरणारा स्क्रू) आणि रॅक-पिस्टन (त्यावर सरकणारा दातांचा पिस्टन) यांच्यातला गोळ्यांचा मार्ग. गोळ्या दोन रंगांच्या असतात, काळ्या आणि चकचकीत. काळ्या अगदी किंचित लहान, म्हणून एकाआड एक भरायच्या. हे माहीत नसलेल्या हातानं आधी उघडलेला बॉक्स आमच्याकडे आला की ओळखू येतो : सगळ्या काळ्या एकीकडे आणि चकचकीत दुसरीकडे. स्पूल व्हॉल्व्ह (तेल डाव्या-उजव्या बाजूला वळवणारा) आणि त्याची बॉडी ही जोडी असते, एका बॉक्सचा स्पूल दुसऱ्याच्या बॉडीत आम्ही घालत नाही. जोडीवर ओरखडे असतील तर जोडीच बदलायची. सील, टेफ्लॉन रिंगा आणि बेअरिंग सरसकट नव्या. शेवटी बॉक्स बेंचवर प्रेशर देऊन दोन्ही बाजूंना फिरवून बघतो.

तेलाला दाब देणाऱ्या पंपात पाती, रोटर आणि त्यांभोवतीची कॅम रिंग तपासतो. प्रेशर व्हॉल्व्ह साफ करून बसवतो. पुली दाबून बसवलेली असते. ती काढायला-घालायला पुलर आणि प्रेसिंग टूलच वापरा. हातोड्यानं ठोकून बसवलेल्या पुलीचा पंप आम्ही परत घेत नाही, शाफ्टच्या मागे काय होतं ते आम्ही पुरेसं पाहिलंय.

बसवताना

नवा बॉक्स लावण्याआधी जुने होस बदला किंवा निदान स्वच्छ धुवा. आमचा एक बॉक्स तीन आठवड्यांत परत आला, एका बाजूला जड म्हणून. उघडला तर व्हॉल्व्हच्या खाचेत काळ्या रबराचे कण. होस आतून सोलला होता. बॉक्सचा काही दोष नव्हता, पण पुन्हा उघडावा लागलाच.

आता मधल्या जागेबद्दल, कारण सगळ्यात जास्त तक्रारी इथूनच येतात. या बॉक्समध्ये दात मधोमध सर्वात घट्ट आणि दोन्ही टोकांकडे सैल असतात. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून वेढे मोजा आणि निम्म्यावर आणा. तिथं चाकं सरळ असली पाहिजेत. नसतील तर ड्रॅग लिंकची लांबी बदला. स्टिअरिंग व्हील काढून सरळ दिसेल असं लावण्याचा मोह होतो, पण मग रस्त्यावर गाडी सरळ जाताना बॉक्स सैल भागात राहतो आणि नवा बॉक्सही ढिला वाटतो. मग लोक वरचा अ‍ॅडजस्टमेंटचा स्क्रू पिळतात, मधोमध बॉक्स अडकायला लागतो, वळल्यावर स्टिअरिंग आपोआप परतत नाही आणि दात झिजतात. तो स्क्रू आम्ही बेंचवर लावून देतो. कृपया हात लावू नका.

पिटमन आर्म काढायला पुलर वापरा, बाजूनं घाव घालू नका. बसवताना नट १८५ फूट-पाउंडला घट्ट करा आणि लॉक वॉशर विसरू नका.

हवा काढायला घाई करू नका. पुढची चाकं उचला, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग वीस-एक वेळा टोकापासून टोकापर्यंत हळू फिरवा, टाकीत तेल कमी होईल तसं भरत राहा. मग इंजिन सुरू करा. तेल दुधाळ, फेसाळ झालं तर बंद करून अर्धा तास थांबा. तेल पॉवर स्टिअरिंगचंच घाला. ब्रेक ऑइल गेलं तर रबर फुगतं आणि आमची सगळी मेहनत वाया जाते. चालवताना स्टिअरिंग टोकाला पाच सेकंदांहून जास्त रेटून धरू नका. पंप ओरडतो तो दयेसाठी!

जुना बॉक्स परत पाठवताना आतलं तेल आधी निथळून काढा, भोकं बुचांनी किंवा चिकटपट्टीनं बंद करा. बाहेरचा मळ मात्र घासून काढू नका. गळती कुठून होती ते आम्हाला त्यावरूनच कळतं.