उतारा १०८ टक्के कसा येतो? पेप्टाइडचं यील्ड आणि प्युरिटी

ईथरनं धुऊन वाळवलेल्या पांढऱ्या पुडीचं वजन भरलं ६० मिलिग्रॅम. कागदावरच्या हिशोबानं जास्तीत जास्त ५५.६ मिलिग्रॅम मिळायला हवी होती. म्हणजे उतारा १०८ टक्के! पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, करायला शिकणाऱ्यांच्या वहीत असा आकडा सर्रास येतो. काहीतरी चुकलं म्हणून तो खोडून टाकतात, पण तो खोडू नये. यील्ड आणि प्युरिटी यांची गल्लत नेमकी कुठे होते, ते हाच आकडा दाखवतो.

यील्डला मराठीत उतारा हा छान शब्द आहे. साखर कारखान्यामुळे तो आपल्या कानावरचाच आहे, पण तिथला आणि इथला छेद वेगळा. साखर उतारा उसाच्या वजनावर काढतात, म्हणून दहा-अकरा टक्के म्हणजे तिथे चांगलं. प्रयोगशाळेत भागायचं असतं ते सगळं काही बिनचूक झालं असतं तर जेवढं पेप्टाइड मिळालं असतं, त्या आकड्यानं. शुद्धतेला, म्हणजे प्युरिटीला, या आकड्याशी देणंघेणं नाही. तिचा प्रश्न एवढाच: हातात जे आलंय, त्यात आपलं पेप्टाइड किती?

उदाहरणाला ल्यू-एन्केफॅलिन घेऊ. जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी १९७५ साली ॲबर्डीनमध्ये डुकराच्या मेंदूतून ओळखलेल्या दोन एन्केफॅलिनांपैकी हे एक. यात पाचच अमिनो आम्लं: टायरोसिन, ग्लायसिन, ग्लायसिन, फेनिलअलॅनिन, ल्युसिन. रेणूभार ५५५.६.

साखळी रेझिनच्या, म्हणजे न विरघळणाऱ्या बारीक मण्यांच्या, आधारावर ल्युसिनच्या टोकाकडून एकेक अमिनो आम्ल जोडत वाढवतात. पहिलं ल्युसिन आधीच जोडलेलं वँग रेझिन (अशा मण्यांचा एक प्रकार) २०० मिलिग्रॅम घेतलं. त्याचं लोडिंग दर ग्रॅमला ०.५ मिलिमोल, म्हणजे आपल्याकडे ०.१ मिलिमोल साखळ्यांना जागा आहे. ०.१ गुणिले ५५५.६, म्हणून ५५.६ मिलिग्रॅम. इथवर सरळ आहे. फक्त लोडिंगचा आकडा बाटलीवरच्या लेबलावरून उचलू नका. थोडं रेझिन तोलून पिपेरिडिननं एफमॉक (अमिनो टोकावरचा तात्पुरता संरक्षक गट) काढा आणि सुटलेल्या पदार्थाचं शोषण ३०१ नॅनोमीटरला मोजा (मोलर शोषणांक साधारण ७८००). छेदच चुकला, तर पुढचे सगळे दशांश व्यर्थ.

आता ते १०८ टक्के. रेझिनवरून पेप्टाइड सोडवताना आपण ते ट्रायफ्लुओरोअॅसेटिक आम्लात, म्हणजे टीएफएमध्ये ठेवतो. पेप्टाइडच्या मोकळ्या अमिनो टोकाला प्रोटॉन चिकटतो आणि त्याच्या जोडीला एक ट्रायफ्लुओरोअॅसिटेट येतो. बाहेर येतो तो क्षार, त्याचा रेणूभार ५५५.६ अधिक ११४, म्हणजे ६६९.६. याच हिशोबानं कमाल वजन ६७ मिलिग्रॅम होतं आणि आपला उतारा उतरतो ९० टक्क्यांवर. एन्केफॅलिनमध्ये आम्लारी जागा एकच आहे. लायसिन, आर्जिनिन, हिस्टिडिन असलेल्या साखळीत अशा प्रत्येक जागेमागे ११४ धरावे लागतात, आणि तिथे ही चूक फार मोठी होते.

पण ९० टक्केसुद्धा पूर्ण खरं नाही. या कच्च्या पुडीचा एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजण्याची पद्धत) केला आणि मुख्य शिखराखाली ७२ टक्के क्षेत्रफळ मिळालं असं धरा. मग ९० चे ७२ टक्के, म्हणजे हवं ते पेप्टाइड साधारण ६५ टक्के. पुडीत ओलावा किंवा स्कॅव्हेंजरचे (रेझिनवरून सोडवताना घातलेल्या संरक्षक रसायनांचे) अवशेष असतील, तर त्याहून कमी.

माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. साध्या द्रावणातल्या अभिक्रियेत काही बिघडलं की उतारा घटतो आणि ते लगेच दिसतं. घन आधारावरच्या संश्लेषणात तसं होत नाही. ब्रूस मेरिफिल्ड यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत वाढती साखळी शेवटपर्यंत रेझिनलाच चिकटलेली असते. जास्तीचा अभिकर्मक धुऊन जातो, ही या पद्धतीची ताकद. पण चुकलेली साखळीही धुतली जात नाही, तीही तिथेच बसून राहते. समजा एका ठिकाणी ग्लायसिन जोडलंच गेलं नाही. पुढच्या फेरीत त्या साखळीवर टायरोसिन बसतं आणि ४९८.६ रेणूभाराचं चार अमिनो आम्लांचं पेप्टाइड तयार होतं. वजनात फरक दहा टक्क्यांचा, आणि तोही फक्त चुकलेल्या साखळ्यांपुरता. तराजूला तो जवळजवळ कळत नाही. कळतो तो मास स्पेक्ट्रममध्ये (रेणूंचे भार दाखवणारा आलेख, तिथे एक प्रोटॉन धरून), ५५६.३ च्या शेजारी ४९९.३ चं शिखर उभं राहिल्यावर.

म्हणजे जोडणीतली चूक प्युरिटीच्या खात्यात जमा होते. उताऱ्याच्या खात्यात जातात त्या वेगळ्याच गोष्टी: लोडिंग कमी असणं, रेझिनवरून पेप्टाइड अर्धवट सुटणं, भांड्याला चिकटून राहिलेलं, आणि ईथरमध्ये विरघळून गेलेलं. एन्केफॅलिनसारख्या छोट्या, पाण्यापासून दूर पळणाऱ्या पेप्टाइडच्या बाबतीत शेवटचा तोटा चांगलाच जाणवतो, म्हणून ईथर बर्फासारखं थंड हवं आणि वरचं द्रावण लगेच फेकू नये. यातल्या कशानंही शुद्धता बिघडत नाही. उतारा ४० आणि शुद्धता ९५ असेल तर जोडण्या व्यवस्थित झाल्या आहेत, गळती पुढे कुठेतरी आहे. उतारा ९० आणि शुद्धता ४० असेल तर रेझिनकडे परत जा, कायझर चाचणी (न जोडलेली अमिनो टोकं रंगानं दाखवणारी) प्रत्येक फेरीला करा, अवघड जोडणी दोनदा करा.

लांब साखळीत हे फार निर्दयपणे दिसतं. दर फेरी ९९ टक्के यशस्वी झाली, तर एन्केफॅलिनच्या चार जोडण्यांनंतर ९६ टक्के साखळ्या बरोबर असतात. तीस अमिनो आम्लांच्या पेप्टाइडला २९ जोडण्या, तिथे उरतात ७५ टक्के. फेरीचं यश ९५ टक्क्यांवर आलं की तोच आकडा २३ होतो. आणि तरीही तराजूवर पूड भरपूर दिसते! न जोडलेल्या टोकांना अॅसेटिक अनहायड्राइडनं झाकलं तर बरोबर साखळ्या वाढत नाहीत. फक्त चुकीच्या साखळ्या तिथेच थांबतात, लांबीत खूप वेगळ्या राहतात, आणि एचपीएलसीवर त्यांना वेगळं काढणं सोपं जातं.

शुद्धीकरणानंतर ३४ मिलिग्रॅम पूड आली, शुद्धता ९८ टक्के. आता उतारा किती? मोकळ्या पेप्टाइडच्या ५५.६ नं भागलं तर ६१ टक्के. क्षाराच्या ६७ नं भागलं तर ५१. पण गोठवून वाळवलेली पूड हवेतलं पाणी धरते, आणि एचपीएलसी २१४ नॅनोमीटरला प्रामुख्यानं पेप्टाइड बंध पाहतो. पाणी आणि क्षारातला टीएफए त्या ९८ मध्ये मोजलेलेच नसतात. त्यासाठी वेगळं मोजमाप आहे, निव्वळ पेप्टाइडचं प्रमाण. ते अमिनो आम्ल विश्लेषणानं किंवा नायट्रोजनवरून काढतात. इथे क्षारामुळेच ते ८३ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही; आठ टक्के पाणी धरलं तर ७६. मग ३४ गुणिले ०.७६ गुणिले ०.९८, म्हणजे २५.३ मिलिग्रॅम खरं एन्केफॅलिन. उतारा ४६ टक्के.

एकाच कुपीतल्या पुडीचे हे तीन आकडे, ६१, ५१ आणि ४६. प्रबंधात किंवा शोधनिबंधात नुसतं '६१ टक्के उतारा' लिहिणं मला अपुरं वाटतं. भागाकार कशानं केला, लोडिंग मोजलेलं की लेबलावरचं, पूड कच्ची की शुद्ध, हे एका ओळीत लिहायला फार जागा लागत नाही.

विकत आणलेल्या कुपीवर 'शुद्धता ९८ टक्के, ५ मिलिग्रॅम' असं लिहिलेलं असतं, तेव्हाही हेच लागू होतं. ५ मिलिग्रॅमला ५५५.६ नं भागून ९ मायक्रोमोल धरले आणि ९ मिलिलिटरमध्ये विरघळवून एक मिलिमोलर द्रावण केलं असं समजा. वरचंच ७६ टक्के प्रमाण असेल, तर त्यात खरं पेप्टाइड ६.७ मायक्रोमोलच आहे आणि द्रावण ०.७४ मिलिमोलर. त्यावर काढलेला ग्राहीशी (रिसेप्टरशी) बंधनाचा प्रत्येक स्थिरांक तेवढ्यानं सरकतो, आणि दुसऱ्या प्रयोगशाळेत क्लोराइड क्षार वापरणाऱ्याचा आकडा जुळत नाही. म्हणून कुपी उघडण्याआधी तिच्यासोबत आलेल्या कागदावर क्षार कोणता आणि निव्वळ प्रमाण किती, ते शोधा. लिहिलेलं नसेल तर पुरवठादाराला विचारा. एन्केफॅलिनमध्ये टायरोसिन आहे, त्यामुळे विरघळवल्यावर २८० नॅनोमीटरला शोषण मोजून संहती स्वतःही पडताळता येते.