चेर्नोबिल: स्फोटाआधी दडवलेला दोष

26 एप्रिल 1986, रात्री 1 वाजून 23 मिनिटे. सोव्हिएत युक्रेनमधल्या चेर्नोबिल अणुऊर्जा केंद्रात, चौथ्या अणुभट्टीच्या नियंत्रण कक्षात एझेड-5 हे बटण दाबले गेले. भट्टी तातडीने बंद करायचे बटण. ते दाबले की नियंत्रक दांडे खाली उतरतात आणि साखळी प्रक्रिया थांबते, असेच कर्मचारी शिकले होते. पण दांड्यांच्या खालच्या भागात ग्राफाइट होते, आणि ते साखळी प्रक्रियेला जोर देते. जवळजवळ सगळे दांडे वर ओढलेले असताना ते एकदम सोडले, तर तळाशी पाण्याच्या जागी ग्राफाइट येई आणि पहिले काही सेकंद भट्टी विझण्याऐवजी भडके. हे त्यांच्या नियमपुस्तिकेत नव्हते.

वरिष्ठांना मात्र ते ठाऊक होते, आणि हेच मला सगळ्यात जास्त सलते. याच आरबीएमके जातीच्या, म्हणजे त्याच सोव्हिएत आराखड्याच्या भट्टीत, लेनिनग्राडला, 1975 मध्ये इंधन वितळले होते. 1983 मध्ये लिथुआनियातल्या इग्नालिनाच्या चाचणीत दांड्यांचा दोष प्रत्यक्ष दिसला. तरी दुरुस्ती झाली ती चेर्नोबिलच्या स्फोटानंतर.

असे का, याचे उत्तर सोव्हिएत अणुउद्योगाच्या जन्मातच आहे. तो वाढला अण्वस्त्रे बनवणाऱ्या खात्यात. त्या खात्याचे नावसुद्धा ‘मध्यम यंत्रनिर्मिती मंत्रालय’, म्हणजे कुणाला पत्ता लागू नये असे. 1957 मध्ये उरलमधल्या मायाक या अण्वस्त्र केंद्रात किरणोत्सारी कचऱ्याची टाकी फुटली, ते सरकारने कबूल केले 1989 मध्ये. एका केंद्रातल्या अपघाताची खबर दुसऱ्या केंद्राला नीट मिळत नसे. वर्तमानपत्रे आणि न्यायालये एकाच पक्षाच्या मुठीत, मग जाब विचारणार कोण?

स्फोटानंतरही तीच सवय. जवळच्या प्रिप्यात शहरात सुमारे 49 हजार माणसे राहत होती. 26 तारखेला शनिवार होता, मुले बाहेर खेळत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी रेडिओवरून सूचना आली: कागदपत्रे आणि थोडे खाणे घ्या, दिवे, गॅस आणि पाण्याचे नळ बंद करा, खिडक्या लावा, घर तात्पुरतेच सोडायचे आहे. 28 तारखेला स्वीडनच्या फोर्समार्क केंद्रात किरणोत्सर्ग सापडल्यावर मॉस्कोने चार ओळींची बातमी दिली. 1 मे रोजी कीव्हमध्ये मुलांसह संचलनही झाले.

1987 च्या खटल्यात तुरुंगात गेले ते केंद्राचे संचालक आणि अभियंते. भट्टीचा आराखडा करणाऱ्यांपैकी आरोपी कुणीच नव्हते. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी आराखड्यातल्या दोषांना मुख्य कारणांत धरले ते 1992 मध्ये.