काढा पोटाचा, वाफ छातीची

शिमग्याला घरी आलेल्या भाच्याने माळ्यावरून एक काचेची बरणी खाली उतरवली. गणपतीत आला होता तेव्हा गुपचूप ठेवून गेला होता. मधल्या सहा महिन्यांत आईला ती एकदा सापडली होती, पण रंग बघून तिला वाटले लिंबाचे जुने लोणचे असेल, म्हणून तिने ती पुन्हा लोणच्यांच्या रांगेत सारून ठेवली होती. आता झाकण उघडल्यावर तिने नाक मुरडले. "अरे, ही तर तंबाखू!"

तंबाखूच होती. निपाणीकडची, विडीची. केमिस्टकडून आणलेल्या ग्लिसरीनमध्ये बुडवून ठेवलेली. शेजारच्या छोट्या बाटलीत असाच चहाच्या पत्तीचा अर्क, तो मात्र गरम करून मुरवलेला. हे दोन्ही गाळून, ई-सिगारेटमध्ये भरून ओढायचे, असा बेत. "मामा, तयार लिक्विडमध्ये काय काय केमिकलं असतात कोण जाणे. हे नॅचरल आहे, घरचं."

कोकणात 'घरचं' या शब्दापुढे सहसा कोणी वाद घालत नाही. घरचे आगळ, घरचे तेल, घरच्या मिरगुंडांचा डबा. मीही लगेच घातला नाही. बरणी पडवीत उजेडाला धरली आणि आत काय काय उतरले असेल ते दोघांनी मिळून मोजायला बसलो.

अर्क काढणे ही मूळ गोष्ट आपल्याला नवी नाही. आयुर्वेदात वनस्पतीचा गुण काढून घेण्याच्या पाच रीती सांगितल्या आहेत: स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. गार पाण्यात रात्रभर भिजवले की हिम, गरम पाणी ओतून झाकून ठेवले की फांट, उकळून आटवले की क्वाथ. (या हिशेबाने इंग्रज पितात तो चहा फांट, आणि आपल्या चुलीवर खळखळतो तो सरळसरळ काढा.) प्रत्येक रीतीत पानातले वेगवेगळे पदार्थ बाहेर येतात, कारण कुठला पदार्थ कशात आणि किती तापमानाला विरघळतो हे ठरलेले असते. कॅफीनचेच घ्या. साध्या तापमानाच्या एक लिटर पाण्यात ते जेमतेम वीसेक ग्रॅम विरघळते, उकळत्या पाण्यात सहाशे ग्रॅमच्या वर. सोलकढीत हेच दुहेरी चालते. आमसुलाचा लाल रंग पाण्यात उतरतो, आणि नारळाच्या दुधातली चरबी पाण्याला न जुमानणारे पदार्थ सामावून घेते.

मग ग्लिसरीन काय काढते? ते पाण्याच्या जातीचे आहे, फक्त दाट. निकोटीन घेते, साखर घेते, रंगद्रव्ये, क्षार, थोडे सुगंधी घटक घेते. आणि पानावर फवारलेल्या औषधाचा अंश असेल तर त्यातलाही वाटा घेते. द्रावकाला चांगले-वाईट कळत नाही. तंबाखू वाळताना आणि मुरताना निकोटीन व त्याच्या भावंडांपासून नायट्रोसअमाइन्स नावाची संयुगे तयार होतात. त्यांतल्या दोघांना, एनएनएन आणि एनएनके यांना, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात बसवले आहे. ती कुठल्या कारखान्यात कोणी मिसळलेली नसतात. पानाचीच असतात. म्हणजे 'नॅचरल' या कसोटीवर ती अगदी अस्सल उतरतात.

निकोटीन हे नाव झाँ निको या फ्रेंच राजदूतावरून आले. त्याने १५६० मध्ये लिस्बनहून फ्रान्सच्या दरबारी तंबाखू धाडली होती. शुद्ध निकोटीन वेगळे केले १८२८ मध्ये, जर्मनीत हायडेलबर्गला, पॉसेल्ट आणि राइमान या दोघांनी. ते बिनरंगी, तेलकट द्रव असते आणि हवा लागली की तपकिरी पडत जाते. पण ते काय चीज आहे हे सांगायला आपल्याकडे रसायनशास्त्राआधीच एक शब्द होता: लागणे. 'तंबाखू लागली' म्हणजे काय ते पहिल्यांदा चिमूट दाढेत धरणाऱ्याला विचारा. तोंडाला पाणी सुटते, उचकी लागते, गरगरते, घाम फुटतो, ओकारी येते. ही निकोटीनच्या विषबाधेची पहिली पायरी. तंबाखूच्या मळ्यात ओली पाने खुडणाऱ्या मजुरांना तर ती तोंडात न धरताही लागते. दवाने भिजलेल्या पानांतले निकोटीन कातडीतून अंगात शिरते.

आणि चुना? तळहातावर अंगठ्याने तंबाखू मळताना चुना का लागतो, यात सुंदर रसायन आहे. पानात निकोटीन बहुतांशी आम्लांशी बांधलेले, क्षाराच्या रूपात असते. त्या रूपात ते तोंडाच्या अस्तरातून सहज आत जात नाही. चुन्याने तंबाखू अल्कधर्मी झाली की निकोटीन मोकळे सुटते आणि झरझर रक्तात उतरते. शिंपले भाजून चुना करणाऱ्या किनाऱ्यावरच्या माणसाने हे कधी वाचले नव्हते, पण चुना कमी पडला तर मजा नाही हे त्याला पक्के ठाऊक होते.

मुक्त निकोटीन पानातून पद्धतशीर काढण्याचा उद्योग घरी करणारा एक माणूस इतिहासात नाव करून गेला आहे. बेल्जियममधला काउंट बोकार्मे. कर्जात बुडालेल्या या सरदाराने खोट्या नावाने रसायनाचे धडे घेतले, ढीगभर तंबाखू आणली आणि आपल्या वाड्यात अर्क काढत बसला. नोकरांना सांगितले, अत्तर बनवतोय. नोव्हेंबर १८५० मध्ये त्याचा मेहुणा त्याच वाड्यात जेवायला येऊन मेला. तोवर वनस्पतीजन्य विष प्रेतात शोधून काढणे अशक्य मानले जाई. झाँ सर्व्हे स्टास या रसायनतज्ज्ञाने मृताच्या अवयवांतून निकोटीन वेगळे करून दाखवले, आणि काउंटला १८५१ मध्ये गिलोटिनवर जावे लागले. स्टासने तेव्हा बसवलेली रीत पुढे विषशोधनाच्या प्रयोगशाळांमध्ये रुळली. तिच्या मुळाशी तेच तत्त्व आहे, जे चुना मळताना हातावर घडते.

भाच्याला ही गोष्ट आवडली. "पण मी काही एवढं कडक काढत नाहीये," तो म्हणाला. खरे आहे. पण किती कडक काढतोय हे त्याला माहीत आहे का? साध्या तंबाखूच्या सुक्या पानात वजनाच्या एक ते तीन टक्के निकोटीन असते, आणि रुस्टिका या दुसऱ्या जातीत त्याच्या कितीतरी पट असू शकते. कुठल्या गोणीतली कुठली पाने, किती दिवस मुरली, किती उतरले, हे जिभेवर कळत नाही. एका सिगारेटमधले दहा-बारा मिलिग्रॅम निकोटीन बरेचसे जळून, उडून जाते. ओढणाऱ्याला मिलिग्रॅम-दीड मिलिग्रॅम मिळते. बरणीतले कुठेही जात नाही. आणि ही बरणी सहा महिने लोणच्यांच्या रांगेत होती.

आता वाफेकडे येऊ, कारण खरी गोम तिथे आहे. ई-सिगारेट हे यंत्र तसे साधे. होन लिक या चिनी औषधतज्ज्ञाने २००३ च्या सुमारास त्याचे आजचे रूप घडवले. बॅटरी, तारेचे वेटोळे, कापसाची वात आणि द्रव. तार तापते, द्रवाची वाफ होते, ती थंड होऊन बारीक थेंबांचे धुके बनते. हे धुके म्हणजे बरणीतला अर्क जसाच्या तसा नव्हे. जे उडते ते धुक्यात जाते, जे उडत नाही ते तारेवर बसते आणि करपते.

साखर उडत नाही. भट्टीच्या नळ्यांच्या उष्णतेत वाळवलेल्या व्हर्जिनिया तंबाखूत तर साखर भरपूर असते. काकवी कढवताना ढवळायला विसरलात तर कढईच्या बुडाशी जे होते तेच तारेवर होते: आधी खमंग, मग काळा थर. त्या थरातून फर्फुरालसारखी संयुगे आणि अल्डिहाइड्स सुटतात. ग्लिसरीन २९० अंशांना उकळते, पण वात कोरडी पडली की तार त्याच्या वर सहज जाते आणि ग्लिसरीन फुटून अ‍ॅक्रोलीन होते. हे नाव परके वाटले तरी वास ओळखीचा आहे. बांगडे तळताना तेल धुरावले की डोळे चुरचुरतात, घसा धरतो, आई ओरडते "गॅस बारीक कर!" तो अ‍ॅक्रोलीनच. तेलाच्या रेणूतही ग्लिसरीनचाच कणा असतो, जळताना तो तुटतो. स्वयंपाकघरात आपण खिडकी उघडतो. इथे तोच धूर नळीने आत ओढायचा.

चहाच्या बाटलीची कथा मला जास्त करुण वाटते. चहात आपल्याला आवडणारे बहुतेक सगळे उडत नाहीच. तुरटपणा पॉलिफेनॉल्सचा. ती खरे तर चव नव्हे, जिभेवरच्या लाळेतली प्रथिने आवळली गेल्याचा स्पर्श आहे. धुक्यातून तो येण्याची सोय नाही. थिआनिन हे अमिनो आम्ल, तेही तारेवरच बसणार. कॅफीन तापवल्यावर थोडेफार उडते खरे, पण कपभर चहात तीस ते पन्नास मिलिग्रॅम मिळते, त्याच्या पासंगालाही हे पुरणार नाही. उरतो वास, लिनालूल आणि जिरॅनिऑल वगैरेंचा. तो अर्क गरम करून मुरवतानाच निम्मा घरभर पसरलेला असतो. विहिरीच्या पन्हळीजवळच्या गवती चहाचे पान चुरगळून नाकाशी धरले तर याहून चांगला सुगंध येतो, सिट्रालचा, आणि त्याला बॅटरी लागत नाही.

"पण चहा तर आपण रोज पितो ना? मग वाफेनं काय होतंय?" हा त्याचा प्रश्न मात्र नेमका होता.

पोटाची वाट आणि छातीची वाट वेगळी आहे. गिळलेल्या पदार्थापुढे आम्ल असते, आतड्याचे अस्तर असते, आणि मग रक्ताचा सगळा प्रवाह आधी यकृतातून गाळून जातो. गिळलेल्या निकोटीनचा बराच भाग यकृत तिथेच मोडते. फुफ्फुसात हा नाकेदार नाही. सुमारे सत्तर चौरस मीटरचा पृष्ठभाग, एका मायक्रॉनहून पातळ पडदा, आणि पलीकडे थेट रक्त. वाफेतले निकोटीन दहा ते वीस सेकंदांत मेंदूत पोचते. जे पोचत नाही, विरघळत नाही, ते तिथेच अडकते. खाल्ले तर अन्न असलेला पदार्थ तिथे घाण ठरू शकतो.

याची दोन उदाहरणे पुरेत. डायअसिटिल हा लोण्याला लोण्याचा वास देणारा पदार्थ. खाण्यात काही बिघडत नाही. २००० साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यातले कामगार धापा टाकू लागले, तेव्हा कळले की त्याची वाफ श्वासनलिकांच्या बारीक फांद्या कायमच्या बुजवते. दुसरे, जीवनसत्त्व ई चे अ‍ॅसिटेट. गोळीत घ्या, त्वचेला लावा, काही नाही. २०१९ मध्ये ते बेकायदा गांजाअर्काच्या व्हेपमध्ये दाटपणासाठी मिसळले गेले आणि अमेरिकेत माणसे न्यूमोनियासारख्या आजाराने रुग्णालयात भरती होऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले, आणि संशयाची सुई मुख्यतः याच पदार्थावर स्थिरावली.

इथे भाच्याने हळूच विचारले, "मग ग्लिसरीनऐवजी खोबरेल चाललं असतं का?" कोकणी माणूस शेवटी खोबरेलावर येणारच. नाही, ते तर सगळ्यांत वाईट. छातीत गेलेले तेल काढून टाकायची फुफ्फुसाकडे धड सोय नसते. संरक्षक पेशी ते गिळून फुगून बसतात आणि तेलाचा न्यूमोनिया होतो. १९२५ मध्ये लाफलेन या वैद्याने तो पहिल्यांदा नीट वर्णन केला, तोही नाकात तेलकट थेंब घातलेल्या रुग्णांमध्ये.

बरणीचा अजून एक प्रश्न होता, आमच्या हवेचा. ग्लिसरीन हवेतले पाणी ओढते. झाकण सैल आणि भाद्रपदातली कोकणची हवा, मग विचारायलाच नको. घट्ट ग्लिसरीनमध्ये बुरशी वाढत नाही, पातळ झालेल्यात वाढू शकते, आणि तंबाखूच्या पानावर तिचे बीज असतेच. कडेने खरोखरच एक पांढुरकी साय धरली होती. ती बघितल्यावर तो पहिल्यांदा गप्प झाला. रसायनाने जे साधले नव्हते ते बुरशीने साधले.

कायद्याचे सांगायचे तर २०१९ पासून ई-सिगारेट बनवणे, विकणे, साठवणे, तिची जाहिरात करणे भारतात गुन्हा आहे. बनवणाऱ्याला पहिल्या खेपेला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच वेळी कोपऱ्यावरच्या टपरीत तंबाखूची पुडी उघड मिळते आणि आमच्या आळीत सकाळी चुलीवर तंबाखू भाजून मशेरी करण्याचा वास अजून दरवळतो. या विसंगतीवर मला उत्तर सुचत नाही. भाजलेल्या मशेरीतही तीच नायट्रोसअमाइन्स असतात, वर भाजण्याची काजळी.

बरणीचे काय करायचे हा प्रश्न उरला. आई व्यवहारी. "परसात मिरचीवर मावा पडलाय. त्यावर मार की तंबाखूचं पाणी." सल्ला जुना आणि खरा आहे. तंबाखूचा काढा मावा मारतो, निकोटीन किड्यांच्या मज्जातंतूंवर तसेच काम करते जसे ते आपल्या. पण तंबाखू आणि मिरची एकाच कुळातल्या. दोघींचीही पाने बिघडवणारा मोझॅक विषाणू तंबाखूच्या सुक्या पानात वर्षानुवर्षे तग धरून राहतो. विषाणू नावाची गोष्ट माणसाला पहिल्यांदा उमगली ती याच रोगाच्या अभ्यासातून, १८९२ मध्ये इवानोव्स्कीने आणि १८९८ मध्ये बेयरिंकने केलेल्या. काढा उकळलेला असेल तर विषाणू मरतो. हा अर्क तर थंडच मुरलेला.

म्हणून भाच्याला आधी साबणाने कोपरापर्यंत हात धुवायला लावले. आईने मिरच्यांना पाणी घालायला त्याला सांगितले होते.